हाड कोण जोडतं? सळई, प्लेट आणि रक्त

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत संतसाहित्य, होळकरांचा इतिहास, नाट्यसंगीत असे विषय ऐकायची इंदूरकरांना सवय आहे. त्यात यंदा हाडांच्या डॉक्टरला उभं केलंय. कार्यकर्ते बोलवायला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता सभासदांच्या घरोघरी कोणाच्या ना कोणाच्या अंगात धातू आहे. कोणाचा गुडघा बदललाय, कोणाच्या मांडीत सळई आहे, कोणाच्या मनगटात प्लेट. त्याबद्दल काहीतरी सांगा." म्हणून आजचा विषय हा.

हाडात काही बसवायचं ठरलं की नातेवाईक ठरलेले प्रश्न विचारतात. इम्पोर्टेड आहे ना? टायटॅनियमच आहे ना? किती वर्षं टिकेल? मुलगा पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून फोन करतो, तोही हेच विचारतो. प्रश्न रास्त आहेत. पण नीट पाहा, हे सगळे प्रश्न धातूबद्दलचे आहेत. त्या हाडाला रक्त पोचतंय का, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. आणि हाड जुळणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिथंच ठरतं.

ज्यांनी घर बांधलंय त्यांना हे चटकन पटेल. स्लॅब टाकला की खाली सेंटरिंग असतं आणि वरून आपण रोज पाणी मारतो. सेंटरिंग स्लॅबला जागेवर धरून ठेवतं, पण स्लॅब पक्का होतो तो पाण्यामुळे. सेंटरिंग कितीही भारी लावलं आणि पाणीच मारलं नाही, तर तडे जाणारच. सळई, प्लेट, स्क्रू हे सगळं सेंटरिंग समजा आणि रक्त म्हणजे पाणी. फरक इतकाच की स्लॅब निर्जीव असतो, हाड जिवंत असतं.

हाड जिवंत असतं हे आपल्या मनावर ठसत नाही, कारण शाळेतल्या कपाटात आपण पाहिलेला सांगाडा वाळलेला, पांढरा, खडखडणारा असतो. ऑपरेशनच्या टेबलावर जिवंत हाड फिकट गुलाबी दिसतं. त्याला भोक पाडलं की रक्त येतं. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण ५ ते १० टक्के रक्त एकट्या हाडांकडे जातं. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्यानं १६९१ मध्ये हाडातल्या बारीक नळ्यांचं वर्णन छापलं. त्या नळ्या आजही त्याच्याच नावानं ओळखल्या जातात. केसाएवढ्या बारीक नळीतून रक्तवाहिनी जाते आणि तिच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हाडाचे थर असतात. त्या थरांत बसलेली पेशी रक्तवाहिनीपासून साधारण पाव मिलिमीटरच्या आतच असावी लागते. त्यापलीकडे तिच्यापर्यंत अन्न-प्राणवायू पोचत नाही.

हे जिवंत हाड रोज थोडं थोडं मोडलं जातं आणि बांधलं जातं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं घालणाऱ्या वेगळ्या. जिथं भार पडतो तिथं भर पडते, जिथं भार नाही तिथून हाड काढून घेतलं जातं. बर्लिनचे सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम ग्रंथरूपानं मांडला. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच. उलट अंतराळवीरांच्या शरीराचं वजन हाडांवर पडत नाही, तेव्हा त्यांच्या खुब्यातलं हाड दर महिन्याला १ ते १.५ टक्क्यानं कमी होतं.

आता या हाडाला रक्त येतं कुठून? मांडीचं किंवा नडगीचं हाड एखाद्या जुन्या वाड्यासारखं समजा. वाड्याला दोन दारं, पुढचं दार आणि परसदार. एक मोठी रक्तवाहिनी हाडाच्या भिंतीतल्या भोकातून आत मगजात शिरते आणि वर-खाली फांद्या पसरते. हे पुढचं दार. भिंतीच्या आतल्या सुमारे दोन-तृतीयांश जाडीला रक्त या वाटेनं मिळतं. हाडाच्या बाहेरून एक पातळ, चिवट आवरण असतं, त्याला स्नायू चिकटलेले असतात. त्यांच्याकडून बाहेरच्या एक-तृतीयांश जाडीला रक्त येतं. हे परसदार.

हाड मोडलं की मगजातली वाहिनी त्या जागी तुटते. पुढचं दार बंद झालं. मग निसर्ग परसदार सताड उघडतो. भोवतालच्या स्नायूंतून नव्या रक्तवाहिन्या मोडलेल्या जागेकडे धावतात. साकळलेल्या रक्ताच्या जागी आधी मऊ पेशीजाल येतं, मग कूर्चा, मग कच्चं हाड आणि शेवटी पक्कं हाड. पहिल्या काही आठवड्यांचं हे काम बरंचसं परसदाराच्या रक्तावर चालतं. थोडीशी हालचाल या कामाला पोषक असते. मात्र हालचाल फार झाली तर कोवळ्या रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा तुटतात आणि हाडाऐवजी तिथं नुसता चिवट तंतूंचा पडदा तयार होतो.

ही दोन दारं लक्षात ठेवलीत, तर गेल्या शंभरएक वर्षांत सर्जन मंडळी काय काय शिकली ते समजायला सोपं जाईल.

सळईपासून सुरुवात करू. पूर्वी मांडीचं हाड मोडलं की माणूस पायाला वजन लटकवून महिनोन्महिने खाटेवर. हाड जुळेपर्यंत गुडघा आखडायचा, पाठीला जखमा व्हायच्या, म्हातारं माणूस न्यूमोनियानं जायचं. १९३९ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युन्टशर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब पोलादी सळई घालून दाखवली. पुढच्या वर्षी बर्लिनच्या परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली तेव्हा अनेकांना ती पसंत पडली नाही. मगजच उद्ध्वस्त केल्यावर हाड जगणार कसं, ही शंका होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत उपचार झालेले दोस्त राष्ट्रांचे सैनिक घरी परतले. त्यांच्या एक्स-रेत हाडातली सळई आणि जुळलेलं हाड पाहून तिथले डॉक्टर चकित झाले.

हे जमलं कसं? पुढचं दार हाड मोडलं तेव्हाच बंद झालं होतं. सळईनं ते आणखी काही काळ बंद ठेवलं. पण सळई दुरून, हाडाच्या टोकाकडून घातली जाते. मोडलेली जागा उघडली जात नाही, तिथले स्नायू, आवरण, साकळलेलं रक्त जसंच्या तसं राहतं. परसदार शाबूत राहिलं, म्हणून हाड जुळलं. काही आठवड्यांत सळईच्या कडेनं मगजातल्या वाहिन्याही पुन्हा वाढतात. आजही मांडीत सळई घालताना आम्ही खुब्याजवळ लहानसा छेद घेतो आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सळई खाली उतरवतो. "एवढं मोठं हाड मोडलं आणि टाके तीन-चारच?" असं लोकांना वाटतं. कातडी कमी कापली ही शोभेची गोष्ट नव्हे, त्यामागे हे कारण आहे.

आता प्लेटकडे येऊ. हाडावर बाहेरून पट्टी बसवून स्क्रूनं आवळायची कल्पना जुनी आहे. हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी १८८६ मध्येच ती प्रसिद्ध केली होती. पण तिला शास्त्राचं रूप मिळालं ते स्वित्झर्लंडमध्ये. १९५८ मध्ये मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकारी सर्जनांनी एक अभ्यासगट स्थापन केला. तो 'एओ' या नावानं जगभर ओळखला जातो. मोडलेले तुकडे अचूक बसवा, प्लेटनं घट्ट दाबून धरा आणि सांधा लगेच हलवायला लागा, ही त्यांची शिकवण. प्लास्टरमध्ये महिनोन्महिने आखडून पडणारे लोक लवकर हिंडू-फिरू लागले. हे उपकार लहान नाहीत.

पण काही वर्षांनी एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. प्लेट काढली की कधी कधी त्याच जागी हाड पुन्हा मोडायचं. प्लेटखालचं हाड पोकळ, जाळीदार झालेलं दिसायचं. पहिलं उत्तर वोल्फच्या नियमातून आलं. पोलाद हाडाच्या साधारण १० पट ताठ, टायटॅनियम साधारण ५ ते ६ पट. सगळा भार प्लेटच उचलते, हाडाला काम उरत नाही, म्हणून ते झिजतं. या उत्तरात तथ्य आहे. खुब्याच्या सांध्याचा जाड धातूचा दांडा मांडीत बसवल्यावर वरच्या भागातलं हाड वर्षानुवर्षांत विरळ होतं ते याच कारणानं. पण प्लेटखालची पोकळी तर पहिल्या काही महिन्यांतच दिसायची. स्टीफन पेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दावोसच्या प्रयोगशाळेत हे तपासलं. त्यांना आढळलं की हाडाला घट्ट चिकटलेली प्लेट खालच्या आवरणातलं रक्तच अडवते. जेवढ्या भागाचं रक्त तुटतं तेवढ्या भागातलं हाड मरतं आणि शरीर ते मेलेलं हाड कोरून काढून नवं भरू लागतं. सुरुवातीची पोकळी म्हणजे प्रामुख्यानं ही दुरुस्ती चालू असल्याची खूण होती.

हिरवळीवर लादी टाकून ठेवली तर खालचं गवत पिवळं पडतं. तिथंच चौरंग ठेवला तर गवत टिकतं. प्लेटमधले बदलही असेच झाले. १९९० च्या सुमारास प्लेटच्या पोटाला खाचा आल्या, म्हणजे ती हाडाला थोड्याच ठिकाणी टेकावी. २००० नंतर लॉकिंग प्लेट रूढ झाल्या. त्यांच्या स्क्रूच्या डोक्याला आटे असतात आणि ते प्लेटमध्येच पक्के बसतात, त्यामुळे प्लेट हाडावर आवळून दाबावी लागत नाही. ती चौरंगासारखी स्क्रूच्या पायांवर उभी राहते. त्याच सुमारास आणखी एक पद्धत रुळली. लांब छेद घेऊन सगळे स्नायू बाजूला सारण्याऐवजी दोन लहान छेद घ्यायचे आणि स्नायूंखालून प्लेट सरकवायची. तुकडे अगदी गणिती अचूकतेनं बसले नाहीत तरी चालेल, पण त्यांचं रक्त तोडायचं नाही. सांध्यातला फ्रॅक्चर असेल तर मात्र पृष्ठभाग अचूकच जुळवावा लागतो, तिथं तडजोड नाही.

याच संदर्भात एक गमतीचा प्रश्न मला नेहमी येतो. एक्स-रे उजेडाकडे धरून लोक विचारतात, "डॉक्टर, प्लेटला दहा भोकं आहेत आणि स्क्रू सहाच दिसतात. चार विसरले का?" नाही हो, विसरले नाहीत. मोडलेल्या जागेजवळची काही भोकं मुद्दाम रिकामी सोडतात. त्यामुळे वाकण्याचा ताण प्लेटच्या एकाच बिंदूवर न येता लांबवर वाटला जातो आणि मोडलेल्या जागी हाडाला जागं करणारी थोडीशी हालचाल राहते.

आता आपल्या घरांत सगळ्यांत जास्त घडणारी गोष्ट. वय पंचाहत्तर, रात्री बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याशी फ्रॅक्चर. शेजारच्या काकूंनाही तसंच झालं होतं. त्यांना सळई-स्क्रू बसवले आणि आमच्या आईला मात्र सांध्याचा गोळाच बदलायचा म्हणतात. लोकांना शंका येते की डॉक्टर मोठं ऑपरेशन गळ्यात मारतोय. दोघींची हाडं दोन-तीन बोटांच्या अंतरावर मोडली आहेत, पण त्या दोन-तीन बोटांत रक्ताचा नकाशा बदलतो.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो आणि त्याखाली मान. गोळ्याकडे जाणारं बहुतेक रक्त मानेला चिकटून, खालून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून पोचतं. मान मोडून सरकली की या वाहिन्या फाटतात. गोळा उपाशी पडतो. स्क्रू लावून मान जोडली तरी वर्ष-दोन वर्षांनी गोळा मरून चपटा होण्याचा धोका राहतो, म्हणजे दुसरं ऑपरेशन. वयस्कर माणसाला दोनदा टेबलावर घेण्यापेक्षा गोळा पहिल्यांदाच बदलणं शहाणपणाचं. तरुण माणसाची मान मोडली तर आम्ही उलट करतो. त्याचा स्वतःचा गोळा वाचवण्यासाठी लवकरात लवकर हाड बसवून स्क्रू लावतो. शेजारच्या काकूंचं हाड मात्र मानेच्या खाली मोडलं होतं. तिथं हाड जाळीदार, स्नायू भरपूर, रक्त मुबलक. ते हाड सहसा जुळतं, फक्त ते नीट धरून ठेवावं लागतं. म्हणून तिथं सळई.

शरीरात अशा रक्ताच्या टंचाईच्या आणखी जागा आहेत. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी एक छोटं, होडीच्या आकाराचं हाड असतं. त्याला रक्त बोटांकडच्या टोकानं शिरतं आणि मागे वाहतं. त्यामुळे मध्ये मोडलं तर मनगटाकडचा तुकडा तहानलेला राहतो. नडगीच्या खालच्या भागावर मांस नसतं, नुसती कातडी. तिथं परसदार मुळातच लहान, म्हणून हाड सावकाश जुळतं. अपघातात त्या जागची कातडी-स्नायू फाटून हाड उघडं पडलं तर तेही दार गेलं. अशा वेळी आम्ही बरेचदा बाहेरून सांगाडा लावतो आणि प्लास्टिक सर्जनना बोलावतो. "हाड मोडलं, मग प्लास्टिक सर्जन कशाला?" असं लोक विचारतात. ते पोटरीचा किंवा दुसरीकडचा स्नायू त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून उघड्या हाडावर पांघरतात. त्या पांघरुणाबरोबर रक्त येतं. परसदार नव्यानं बांधलं म्हणा ना.

बाहेरच्या सांगाड्यावरून इलिझारोव्हची गोष्ट सांगायलाच हवी. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गॅव्रिल इलिझारोव्ह या डॉक्टरनं १९५० च्या दशकात रिंगांचा सांगाडा आणि बारीक तारा वापरून उपचार सुरू केले. मगजाचं आणि आवरणाचं रक्त जपत हाड हलकेच कापायचं, काही दिवस थांबायचं आणि मग दोन टोकं दिवसाला १ मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, अशी दूर न्यायची. मधल्या जागेत नवं हाड आणि नव्या रक्तवाहिन्या दोन्ही तयार होतात. वेग फार वाढवला तर वाहिन्या मागे पडतात आणि हाड बनत नाही. फार कमी केला तर हाड वेळेआधीच जुळून बसतं. हाडाची वाढ रक्ताच्या वेगानं चालते, हे यातून अगदी स्वच्छ दिसतं.

आता सांधेबदलाकडे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी वापरून खुब्याचं यशस्वी सांधेरोपण सुरू केलं. त्यात हाडाचं सिमेंट वापरतात. ते फेविकॉलसारखं चिकटवत नाही. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून घट्ट होतं आणि धातूला जागेवर पक्कं बसवतं. म्हाताऱ्या माणसाचं हाड विरळ असेल तर हे फार उपयोगी, कारण दुसऱ्या दिवसापासून भार देता येतो.

सिमेंटशिवाय बसणारे सांधेही असतात. त्यांना हाड स्वतःच धरून ठेवतं. धातूला हाड असं स्वीकारतं हे कळलं एका वेगळ्याच अभ्यासातून. स्वीडनमध्ये १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क मगजातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची छोटी दुर्बिणीसारखी नळी बसवली आणि तिच्यातून जिवंत रक्तवाहिन्या पाहिल्या. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला अंगचीच समजून धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी टायटॅनियमचे खुंट पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसवले. आज आपण दातांचे इम्प्लांट बसवून घेतो, त्यांचा उगम रक्त पाहण्याच्या त्या प्रयोगात आहे.

मात्र हाडाच्या दोन अटी असतात. पहिली अट, त्याला भाजू नका. भोक पाडताना हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी आणि बारीक वाहिन्यांना इजा होते. म्हणून दाताचे डॉक्टर भोक पाडताना सतत पाणी सोडतात आणि आम्हीही ड्रिलवर सलाइन टाकत राहतो. दुसरी अट, बसवलेला धातू हलता कामा नये. धातू आणि हाड यांच्यात ५० मायक्रॉनच्या आत हालचाल असेल तर हाड त्याच्या खरखरीत पृष्ठभागात वाढतं. १५० मायक्रॉनच्या वर गेली तर तंतूंचा पडदा येतो आणि सांधा सैल राहतो. १५० मायक्रॉन म्हणजे दोन-तीन केसांची जाडी. म्हणून "काही दिवस वॉकर घेऊनच चाला" असं सांगितलं की ते पाळा.

नीट बसलेला सांधाही पंधरा-वीस वर्षांनी कधी सैल होतो. त्याचं एक मोठं कारण म्हणजे प्लॅस्टिकची झीज. अतिसूक्ष्म कण भोवतालच्या पेशी गिळतात, त्या चिडतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना कामाला लावतात. दुखत नसतानाही हे आत चालू राहू शकतं. म्हणून सांधा बदललेल्यांनी ठरावीक अंतरानं एक्स-रे काढावा. दुखत नाही म्हणून टाळू नये.

आता दोन गैरसमज, ज्यांवरून भांडणंसुद्धा होतात. पहिला, "प्लेट तुटली, म्हणजे माल नकली होता." रोज पाच हजार पावलं टाकणारा माणूस वर्षाला अठरा लाखांहून जास्त पावलं टाकतो, म्हणजे एका पायावर नऊ लाख. तार वाकवत राहिलं की तुटते, तसाच धातूही थकतो. हाड वेळेत जुळलं तर ते भार उचलतं आणि धातूवरचं ओझं कमी होतं. जुळलंच नाही तर उत्तम धातूही एक दिवस तुटतो. तेव्हा प्लेट तुटली तर आधी विचारायचं की हाड का जुळलं नाही. बहुतेक वेळा उत्तर तिथं सापडतं.

दुसरा गैरसमज, "पू झाला, औषध जबरदस्त द्या." जंतू धातूवर किंवा मेलेल्या हाडावर बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. औषध तर रक्तातूनच पोचणार. जिथं रक्त नाही तिथं ते पोचेल कसं? म्हणून मेलेलं हाड काढावं लागतं आणि कधी धातूही काढावा लागतो. डॉक्टर पुन्हा ऑपरेशन सांगतात त्यामागे हे कारण असतं.

आता घरी आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

तंबाखू सोडा. सिगारेट, बिडी, गुटखा, मिश्री, सगळ्यांत निकोटीन आहे आणि ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं. इम्पोर्टेड टायटॅनियमसाठी हजारो रुपये मोजायचे आणि तोंडात पुडी ठेवायची, म्हणजे एका हातानं पाणी मारायचं आणि दुसऱ्या हातानं नळ बंद करायचा. साखर आटोक्यात ठेवा. आहारात डाळ-उसळ, दूध-दही पुरेसं असू द्या, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. अंगदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि ते जास्त दिवस पोटात गेलं तर खुब्याचा गोळा अपघाताशिवायच मरू शकतो.

प्लास्टर असो की हाडवैद्याच्या कामट्या, बांधलेला हात-पाय तासागणिक जास्त ठणकू लागला, बोटं सुन्न झाली, बोटं सरळ करताना जीव जायला लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. बंध सैल करायला "सकाळी बघू" म्हणू नका. रक्ताविना स्नायू साधारण ६ तासांत कायमचे निकामी होऊ लागतात.

आणि डॉक्टर सांगतील तेव्हा हालचाल सुरू करा. पाय जमिनीवर कधी आणि किती टेकवायचा हे त्यांना विचारा. स्नायू चालू लागले की रक्त वाढतं, भार पडला की हाडाला भर घालायचा निरोप मिळतो. "आई, तू पडून राहा, आम्ही सगळं हातात देतो," ही माया मी समजू शकतो, पण ती हाडाला मानवत नाही.

बसवलेला धातू काढायचा का, हाही नेहमीचा प्रश्न. वयस्करांत त्रास नसेल तर सहसा काढत नाहीत. मुलांत बरेचदा काढतात. काढलाच तर स्क्रूच्या भोकांमुळे हाड काही महिने कमकुवत असतं. भोकं भरेपर्यंत उड्या, धावणं, मैदानी खेळ नकोत.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी घरातल्या कोणाचं हाड मोडलं, तर इम्पोर्टेडचा प्रश्न विचाराच, पण त्याबरोबर आणखी चार विचारा. मोडलेल्या जागेला रक्त कसं आहे? ते जपण्यासाठी तुम्ही काय करणार? जुळायला साधारण किती महिने लागतील? आणि तोपर्यंत आम्ही घरी काय करायचं, काय टाळायचं? परदेशातल्या मुलांनीही फोनवर हेच विचारावं. कोणताही चांगला सर्जन असे प्रश्न ऐकून वैतागणार नाही. उलट, समोर बसलेल्यांना आपलं काम कळतंय याचं त्याला बरं वाटेल.

 आरतीची वेळ झाली आहे. पायऱ्या उतरताना कठड्याला हात धरून उतरा.

गणपती बाप्पा मोरया!